थोरल्या लेकीची शाळा

केनियाहून आलेल्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश आधी देते. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. त्यांचे यजमान पश्चिम केनियात, काकामेगाच्या परिसरातील एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. घरी कामाला येणाऱ्या बाईंची थोरली मुलगी पंधरा वर्षांची असून ती नववी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. जानेवारीत सुरू होणाऱ्या दहावीसाठी तिला मुलींच्या एका निवासी शाळेत जागाही मिळाली आहे. तिला परिचारिका व्हायचे आहे. घरात तिच्यामागे पाच भावंडे आहेत आणि वडिलांची थोडीशी ऊस-मक्याची शेती आहे. वडिलांचे थोरले बंधू म्हणतात की मुलीला नैरोबीत नातेवाइकांकडे घरकामाला पाठवावे, तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी भागेल आणि दोन-तीन वर्षांनी लग्न झाले की गुरेही घरी येतील. वडील काहीच बोलत नाहीत, आई रडते. भगिनी विचारतात : “तिला मी आमच्याच घरी ठेवून शिकवू का? तिची फी मी भरते म्हटल्यावर वडील म्हणाले, भरायची तर मुलाचीही भरा. हा मला लोभ वाटला. वसाहतीतल्या मैत्रिणी म्हणतात की आफ्रिकेतली कुटुंबे अशीच चालतात, आपण त्यात पडू नये. कारखान्यात बोभाटा होईल, अशी यजमानांना भीती वाटते. मी काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणे मागाहून सांगते. मुलीला तुमच्या घरी ठेवून घेऊ नका. तिच्या शिक्षणाला मदत अवश्य करा, पण ती मदत तिच्या आईच्या हातून होईल, अशी व्यवस्था करा. आणि तिला नैरोबीला धाडण्याची किंवा तिचे लग्न ठरवण्याची खरोखरची तयारी सुरू झालेली दिसली, तर मात्र कोणाच्याही भिडेखातर गप्प बसू नका.

शाळांच्या कामानिमित्त मी त्या भागात काही वर्षे राहिले आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातले अंगण आणि त्या अंगणात बसलेले थोरले काका माझ्या परिचयाचे आहेत. तुमच्या मैत्रिणींचे म्हणणे आधी घेऊ. “आफ्रिकेतली कुटुंबे” म्हणून एका दमात ज्यांच्याविषयी बोलता येईल अशी कुटुंबे मला तिथे भेटली नाहीत. तुम्ही राहता तो लुह्या समाजाचा प्रदेश आहे, आणि शाळेविषयीची ओढ तिथे बाहेरून आणावी लागत नाही. १९०२ मध्ये कैमोसी येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी ठाणे उभारले, तेव्हापासून त्या पट्ट्यात शाळा आणि चर्च हातात हात घालून वाढले. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर पहिले पंतप्रधान जोमो केन्याटांनी “हराम्बे”ची, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओझे ओढण्याची हाक दिली, आणि सरकारी पैशाची वाट न पाहता गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून, विटा भाजून, स्वतःच्या जमिनी देऊन शेकडो माध्यमिक शाळा उभ्या केल्या. रयत शिक्षण संस्थेच्या मुलखातून गेलेल्या तुम्हाला ही गोष्ट परकी वाटू नये. आजही एखाद्या मुलाला परदेशी शिकायला जायचे असेल, तर त्या गावातले लोक हराम्बे भरवून पैसे उभे करतात. तेव्हा “यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही” हा समज मनातून काढून टाका. महत्त्व त्यांना पुरेपूर कळते. पैसा अपुरा पडतो तेव्हा तो कोणावर घालायचा, एवढाच तिथला वाद आहे, आणि त्या वादात थोरल्या मुलीची पाळी शेवटी येते.

ती शेवटी का येते, हे समजून घेतल्याशिवाय तुम्ही त्या घरात बोलायला बसू नये, असे मला वाटते. थोरली मुलगी ही त्या घरातली दुसरी आई असते. पाणी, सरपण, धाकट्यांची आंघोळ, संध्याकाळची उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी हे सारे तिच्याकडे असते. तुमच्या बाई सकाळी तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांचे घर कोण चालवते, याचा विचार एकदा करून पाहा. मुलगी निवासी शाळेत गेली की त्या घरातली दोन हातांची कमाई थांबते, आणि ही कमाई कोणत्याही हिशोबाच्या वहीत लिहिलेली नसते. दुसरे असे की लग्नात मुलाकडून येणारी गुरे म्हणजे निव्वळ किंमत नव्हे. दोन घराण्यांमधला तो करार असतो, आणि पुष्कळदा बहिणीच्या लग्नात आलेल्या गुरांवरच भावाचे लग्न उभे राहते. थोरले काका हाच हिशोब मांडत आहेत. मला तो अमान्य आहे, पण तो निर्दयपणाचा हिशोब आहे असे मी म्हणणार नाही. त्या भागात ऊस लागणीपासून तोडीला यायला दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, तोडीनंतर पैसे कधी हाती पडतील ते सांगता येत नाही, आणि शाळेची घंटा मात्र जानेवारीत ठरल्या दिवशी वाजते. बिलाची वाट पाहणारा ऊसकरी शेतकरी कसा असतो, हे सांगलीच्या लेकीला मी काय सांगावे? वडिलांच्या गप्प राहण्यामागे नकारापेक्षा ही अडचण अधिक असण्याची शक्यता आहे.

आता आईविषयी, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तिच्याकडे आहे आणि तुमच्या पत्रात तिचे फक्त रडणे आले आहे.

शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकी महिला, वांगारी माथाई, १९४० मध्ये मध्य केनियातील न्येरीजवळच्या इहिथे या खेड्यात जन्मल्या. त्या लहान असताना त्यांच्या थोरल्या भावाने आईला विचारले की वांगारी आमच्यासारखी शाळेत का जात नाही. आईने विचार केला, न पाठवण्यासारखे काही कारण तिला दिसले नाही, आणि शेतात राबणाऱ्या त्या आईने मुलीला शाळेत घातले. पुढे १९७१ मध्ये वांगारींनी नैरोबीत डॉक्टरेट मिळवली आणि पूर्व व मध्य आफ्रिकेत तो मान मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव झाले. २००४ मध्ये नोबेल आले. यातली भावाची शंका आणि आईचा निर्णय या दोन्ही गोष्टी घरच्या घरात घडल्या, म्हणूनच त्या टिकल्या असे मी मानते. बाहेरचा माणूस फार तर त्या निर्णयाला बळ देऊ शकतो.

तुम्ही ते बळ कसे द्याल? पहिली गोष्ट थोडी अवघड आहे, पण लिहितेच. फीचा विषय काढण्याआधी तुम्ही त्या बाईंना देत असलेला पगार तपासा. केनियात घरकामगारांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे, साप्ताहिक सुट्टी आणि वार्षिक रजा लागू आहे, निवृत्ती निधी आणि आरोग्य विम्याची वर्गणीही लागू आहे. वसाहतींमधून “इथे सगळे एवढेच देतात” असा एक दर ठरलेला असतो आणि नव्याने आलेली गृहिणी तोच दर चालू ठेवते. तुमच्याकडे तसे घडले असेल, तर मुलीच्या शिक्षणाला तुम्ही करू शकाल अशी सर्वांत मोठी मदत म्हणजे आईचा पगार योग्य त्या पातळीवर नेणे आणि तो तिच्या स्वतःच्या एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या, खात्यावर जमा करणे. पगारवाढ हा तिचा हक्क आहे, त्या वाढीबद्दल कोणाला बोलण्याचे कारण नाही आणि यजमानांना वाटणारा बोभाटाही त्यातून होणार नाही. घरच्या बैठकीत ती “मॅडम फी भरणार आहेत” असे म्हणाली, तर तिचा आवाज खालीच राहील. “पहिल्या सत्राचे इतके पैसे मी आणते” असे म्हणाली, तर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल.

याच संदर्भात तिच्या “चामा”ची चौकशी करा. चामा म्हणजे तिथल्या बायकांची भिशी. दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेकीला देतात, काही ठिकाणी त्यातून कर्जही देतात. पश्चिम केनियात चामात नसलेली कष्टकरी बाई क्वचितच सापडेल. जानेवारीची पाळी आपल्याला मिळावी, असे ती मैत्रिणींना आता सांगू शकते. मुलीच्या फीसाठी पाळी पुढे-मागे करून देणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्या आहेत.

हे सारे तिच्याशी बोलताना एक पथ्य पाळा. ती तुमची नोकर आहे आणि तुम्हाला “नाही” म्हणणे तिला परवडत नाही. त्यामुळे भांडी घासता घासता, तुमच्या स्वयंपाकघरात उभे राहून हा विषय काढू नका. तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिच्या सोयीच्या जागी, चहा घेत बोला, आणि तिला काय हवे आहे ते आधी विचारा. कदाचित तिलाही मुलगी लांबच्या शाळेत धाडायची भीती वाटत असेल. कदाचित तिच्या मनात तुम्हाला न सुचलेला एखादा मार्ग असेल.

मुलीला घरी ठेवून घेऊ नका असे मी का म्हणते, तेही आता सांगते. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु पंधरा वर्षांची गरीब घरची मुलगी मालकिणीच्या घरी राहू लागली की आठ-पंधरा दिवसांत ती कामाला लागते. कोणी सांगत नाही, तीच संकोचाने झाडू उचलते, आणि संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी ती तुमच्या मुलांचे दप्तर भरत असते. केनियाच्या २००७ च्या रोजगार कायद्यात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळेच्या आड न येणारे हलके कामच करता येते, त्यामुळे थोरल्या काकांचा नैरोबीचा बेत कायद्यात बसत नाही. तुमच्या घरातला तिचा मुक्काम बाहेरच्यांना त्याच जातीचा दिसेल. याहून मोठे कारण असे की घर सोडून परक्यांकडे राहिलेल्या मुलीची घरातली जागा हळूहळू भरून निघते. तुमच्या यजमानांचा करार संपला आणि तुम्ही सांगलीला परतलात, तर ती कोणत्या दाराशी उभी राहील? तिला जागा मिळालेली शाळा निवासी आहे, ही जमेची बाजू आहे. तिथे राहून ती घरचीच मुलगी राहते आणि सुट्टीत आपल्याच अंगणात परत येते.

घरच्या बैठकीला तुम्ही जावे का? आईने आणि वडिलांनी बोलावले तर जा, नाहीतर जाऊ नका. गेलात तर साखर आणि चहाची पुडी घेऊन जा. बैठक प्रार्थनेने सुरू होईल, थोरले काका प्रथम बोलतील आणि पुष्कळ बोलतील. त्यांना मध्येच तोडू नका. तुमच्याकडे बोलणे येईल ते अगदी शेवटी, आणि तेव्हाही मुलीच्या हुशारीचे कौतुक करून वडिलांना लाजवू नका. मात्र तुमच्या जाण्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते त्या मुलीच्या आत्याचे येणे. त्या समाजात भावाच्या मुलींच्या बाबतीत आत्याचा शब्द वजनदार असतो, आणि थोरल्या काकांना “दादा, तुझे चुकते आहे” असे सगळ्यांसमोर म्हणण्याचा अधिकार घरात कोणाला असेल तर तो बहुधा तिलाच असतो. आजी हयात असेल तर तीही. त्याशिवाय चर्चमधल्या महिला मंडळाच्या प्रमुख बाई आणि मुलीच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिका. या चौघींपैकी दोघी जरी आईच्या बाजूला बसल्या, तरी तुमची गरज राहणार नाही, आणि तसे झाले तर ते फार उत्तम.

वडिलांनी मुलाचीही फी मागितली, याला तुम्ही लोभ म्हणालात. माझे मत वेगळे आहे. एका लेकराला बाहेरून पैसा मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, तर घरात जी तेढ निर्माण होते ती त्या वडिलांनाच निस्तरायची आहे. त्यांनी समान वागणुकीची मागणी केली आहे, एवढेच मला त्यात दिसते. तरीसुद्धा दोघांची पूर्ण फी भरायला मी सांगणार नाही. त्याऐवजी वडिलांना त्यांचा वाटा विचारा. त्या भागातल्या काही शाळा फीपोटी मका, घेवडा आणि सरपणही स्वीकारतात. वडिलांनी मक्याची दोन पोती शाळेत पोहोचवली, तर त्या शाळेत त्यांचेही काही असेल, पालकसभेला ते ताठ मानेने जातील आणि पुढच्या वर्षी कोणी मुलीला काढण्याची गोष्ट काढली, तर आपल्या मक्याची आठवण त्यांना आधी होईल. मुलगा नंतर वरच्या वर्गात गेला की त्याच्या पुस्तकांचा किंवा गणवेशाचा खर्च तुम्ही उचलू शकता. तेवढ्याने त्यांच्या म्हणण्याचा मान राहतो.

पैशाचा तपशील थोडक्यात असा. सरकार माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंगांचे अनुदान ठरवून देते, त्यामुळे दिवसाच्या शाळेत शिकवणीची फी नसते, जेवणाचा आणि गणवेशाचा खर्च मात्र असतो. निवासी शाळेत याखेरीज पालकांनी भरायच्या रकमेची सरकारी मर्यादा शाळेच्या दर्जानुसार वर्षाला सुमारे ४० ते ५४ हजार शिलिंग आहे. ती तीन सत्रांत विभागून भरता येते. शिलिंगाचा भाव साधारण दोन-तृतीयांश रुपया धरा. मतदारसंघाच्या विकास निधीतून आणि काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सरकारकडून गरजू मुलांना फीसाठी “बर्सरी”, म्हणजे आर्थिक मदत, मिळते. तिच्या अर्जावर शाळेचा शिक्का आणि स्थानिक चीफची सही लागते. चीफ हा टोळीचा राजा नसून सरकारी अधिकारी आहे, आणि शाळा सुटलेल्या मुलांना परत शाळेत आणण्याचे काम गेली काही वर्षे सरकारने चीफांवर सोपवलेले आहे. तुमच्या बाईंनी त्यांना भेटणे त्यामुळे दोन्ही अर्थांनी उपयोगाचे ठरेल. तुम्ही जी काही रक्कम द्याल ती रोख कोणाच्याही हाती देऊ नका. शाळेच्या अधिकृत खात्यात मुलीच्या प्रवेश क्रमांकावर भरा आणि पावती आईकडे ठेवा.

फीपेक्षा अनेकदा वेगळ्याच गोष्टीवर गाडी अडते, आणि ती म्हणजे प्रवेशपत्राला जोडलेली सामानाची यादी. प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रांगा लागलेल्या असतात. प्रत्येक मुलीपुढे कुलपाची पत्र्याची पेटी उघडून ठेवलेली असते आणि एक शिक्षिका यादीवर खुणा करत एकेक वस्तू वर काढून पाहते : गादी, दोन चादरी, ब्लँकेट, बादली, ताट आणि मग, काळे बूट, बायबल, शब्दकोश, कंपासपेटी, वह्या, साबण, टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या, सॅनिटरी पॅड, काही ठिकाणी कुदळसुद्धा. ज्यांच्या पेटीत निम्म्या वस्तू नसतात, त्या मुली मान खाली घालून उभ्या असतात, आणि त्यांच्यातल्या काही “सामान पूर्ण करून या” असे ऐकून घरी परततात. त्यातल्या सगळ्याच पुन्हा येत नाहीत. तुम्हाला हातभार लावायचा असेल, तर ही पेटी भरून देणे हे काम अगदी तुमच्या आवाक्यातले आहे. मात्र ती आत्या आणि आई यांना बरोबर घेऊन बाजारात जाऊन भरा, म्हणजे पेटी त्यांची राहील.

प्रवेशापूर्वी आणखी एक गोष्ट तातडीने पाहा. जानेवारी २०२६ पासून केनियात दहावी ते बारावी अशी नवी वरिष्ठ माध्यमिक पातळी सुरू झाली असून तिथे विज्ञान-तंत्रज्ञान, समाजशास्त्रे, आणि कला व क्रीडा अशा तीन शाखांतून एक निवडावी लागते. मुलीला परिचारिका व्हायचे असेल तर तिला विज्ञानाची शाखा आणि जीवशास्त्र मिळाले आहे ना, हे मुख्याध्यापिकांकडून पक्के करून घ्या. काकामेगातच केनिया मेडिकल ट्रेनिंग कॉलेजची शाखा आहे. घराजवळ राहून परिचर्येचा अभ्यासक्रम करता येतो, ही माहिती थोरल्या काकांसाठीही उपयोगाची आहे. तीन वर्षे शाळा, मग परिचर्येची पदविका आणि पगार, हा हिशोब नैरोबीतल्या घरकामाच्या पगाराशी त्यांच्यासमोर मांडता येईल. त्यांना हिशोबच कळतो, तर त्याच भाषेत बोलावे.

आता वाटाघाटी कोठे थांबतात ते सांगते. केनियातील काकेन्या न्ताया या मासाई समाजातल्या मुलीने आपल्या वडिलांशी सौदा केला होता : मासाई रिवाजाप्रमाणे सुंता करून घेते, त्या बदल्यात मला माध्यमिक शाळेत जाऊ द्या. वडिलांनी शब्द पाळला. पुढे गावातल्या ज्येष्ठांच्या पाठिंब्यावर ती अमेरिकेत शिकायला गेली आणि २००९ मध्ये तिने एनूसाएन या आपल्या गावी मुलींसाठी शाळा सुरू केली. तिची कथा अभिमानाने सांगितली जाते, पण ती वाचताना त्या सौद्याची किंमत माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या शरीरावरची जखम देऊन कोणत्याही मुलीने शाळा विकत घेऊ नये. २०११ च्या कायद्याने ती प्रथा आज गुन्हा ठरली आहे. तुमच्या भागातल्या बहुतेक लुह्या घरांत मुलींची सुंता होत नाही, पण सौद्याचे रूप वेगळे असू शकते. “शाळेला जाऊ देतो, पण अमक्याशी लग्न ठरवून ठेवू” किंवा “एक वर्ष नैरोबीला जा, मग पाहू” असा प्रस्ताव आला तर तो मधला मार्ग म्हणून कोणी स्वीकारू नये. वर्षभरासाठी म्हणून शहरात घरकामाला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी वर्गात परतणे फार कठीण असते. २०१४ च्या विवाह कायद्याने लग्नाचे किमान वय अठरा आहे, आणि २०१३ च्या मूलभूत शिक्षण कायद्याने मुलांना शाळेत पाठवणे हे पालकांचे कर्तव्य आहे. हालचाल दिसली तर चीफ, उपकाउंटीचे बालकल्याण अधिकारी किंवा ११६ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी यांच्याकडे जा. हा फोन आईला करता आला तर चांगलेच, नाही करता आला तर तुम्ही करा. यजमानांना सांगा की अशा वेळी गप्प राहणे हा निष्पक्षपणा नव्हे.

एक धोका तुमच्या पत्रात नाही, तोही लिहून ठेवते. दिवसाच्या शाळेला रोज पाच-सहा किलोमीटर चालणाऱ्या मुलींना बोडाबोडावाले, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारे तरुण, फुकट सोडतात, मग पॅडला पैसे देतात, आणि त्या उपकाराची वसुली कशी होते हे तिथल्या प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे. म्हणूनच खर्च अधिक असला तरी मी या मुलीसाठी निवासी शाळेचा आग्रह धरते. सरकारी शाळांनी मुलींना मोफत पॅड द्यावेत असा कायदा २०१७ पासून आहे, तरी पेटीत सत्रभर पुरतील एवढे असू द्या. आणि सुट्टीत काही विपरीत घडलेच, मुलगी गरोदर राहिली, तर शाळा संपली असे कोणी तिला सांगू नये. बाळंतपणानंतर शाळेत परत घेण्याचे धोरण केनियात १९९४ पासून आहे आणि २०२० मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. तो तिचा अधिकार आहे, हे आईला आजच माहीत असलेले बरे.

मुलीशीही एकदा निवांत बोला. तिने आई-वडिलांना अडाणी समजू नये, हे तुमच्या बोलण्यातून तिला जाणवले पाहिजे. ती शिकली आणि कमावू लागली की घराच्या अपेक्षा संपणार नाहीत, उलट वाढतील. पहिल्या पगाराच्या दिवशी भावंडांची फी, आजीचे औषध, काकांच्या घरचे छप्पर अशा मागण्या फोनवर येऊ लागतील. त्यातल्या काही ती आनंदाने पूर्ण करील, कारण थोरलेपण तिच्या अंगी मुरलेले आहे आणि त्यात तिला मानही आहे. काहींना तिला नाही म्हणावे लागेल. भावाला शिकवीन असे ती आज बैठकीत सांगू इच्छित असेल, तर तिला सांगू द्या. तो शब्द तिच्या बाजूने सर्वांत जास्त वजनाचा ठरेल. फक्त तो शब्द “नोकरी लागल्यावर” असा असावा. शाळा सोडून आज कमावण्याचे वचन तिने कोणाला देऊ नये.

राहिला तुमचा स्वतःचा शब्द. तिथल्या कारखान्यांचे करार बहुधा दोन-दोन वर्षांचे असतात आणि तिची शाळा तीन वर्षांची आहे. मधल्या वर्षी फी थांबलेल्या मुलीची अवस्था पहिल्या दिवशीच घरी राहिलेल्या मुलीपेक्षा वाईट होते, कारण तोवर घराने तिच्यावर आशा बांधलेली असते. म्हणून जेवढे तीन वर्षे निभावेल तेवढेच कबूल करा, आणि शक्य असेल तर ती सारी रक्कम आताच बाजूला काढून ठेवा. ते जमत नसेल तर नैरोबीतल्या महाराष्ट्र मंडळातल्या किंवा तुमच्याच वसाहतीतल्या एखाद्या विश्वासू कुटुंबाला बरोबर घ्या. ज्या मैत्रिणी तुम्हाला यात पडू नका म्हणतात, त्यांच्यातल्याच एखादीला पेटीच्या खरेदीला बरोबर नेऊन पाहा.

प्रवेशाची तारीख हुकली तर जागा दुसऱ्या मुलीला जाऊ शकते. तेव्हा येत्या रविवारी आईशी बोला, सोमवारी तिला सुट्टी देऊन, तिच्याबरोबर शाळेत जाऊन फीचा तक्ता आणि सामानाची यादी घ्या, आणि आत्या गावाहून कधी येऊ शकते ते त्याच दिवशी फोन करून विचारायला सांगा. आत्याच्या प्रवासाचे भाडे तुम्ही दिलेत, तर त्याला कोणाची हरकत असणार नाही.